दोनशे पाच मिलिमीटरचे सतरा बांगडे

बांगडे मोजण्याची नोकरी मी सत्तावीस वर्षं केली. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या माणसांनी मुलाकडच्यांना ‘मुलगी सरकारी कामाला आहे’ एवढंच सांगितलं होतं. काय काम, ते कोणी विचारू नये अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा होती. सासऱ्यांनी विचारलंच.

“बांगड्यांची लांबी आणि वजन घेतंय,” मी म्हटलं.

“आणि मगे?”

“मगे लिवन ठेवतंय.”

 सासरे म्हणाले, “चला, चेडू खोटा तरी बोलना नाय.” चेडू म्हणजे मुलगी. लग्न ठरलं. पण ही पुढची गोष्ट. मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांतलं.

मी मॅट्रिक झाले तेव्हा पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. मालवणच्या किनाऱ्यावर एका भाड्याच्या घरात मासळीच्या अभ्यासाचं छोटं केंद्र उघडलं होतं. घर आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर. माझे वडील भिकू रापणकार. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोल सोडायचं आणि पन्नास-साठ माणसांनी दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढून आणायचं, ती रापण. केंद्राला मोजणीदार हवा होता. आकडे लिहिता येणारा आणि मासळीला नाक न मुरडणारा. शिकलेल्या मुलांना पहिलं जमत होतं, दुसरं नाही. म्हणून मला घेतलं. तात्पुरती नेमणूक, महिन्या-महिन्यानं वाढणारी.

केंद्राचे प्रमुख वानखडेसाहेब अमरावतीकडचे. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि तोही नोकरीवर हजर व्हायला आले म्हणून. होडीत पाय ठेवला की त्यांच्या पोटात कालवायचं. पण गणित असं पक्कं, की रापणीतली माणसं त्यांना गमतीनं ‘आकड्यांचो तांडेल’, म्हणजे म्होरक्या, म्हणायची.

काम असं होतं. रापण लागली की मी पन्नास बांगडे घ्यायचे, हाताला लागतील तसे, न निवडता. पट्टी ठोकलेल्या फळीवर एकेक ठेवून नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी घ्यायची. तराजूत वजन करायचं. मग पोट फाडून नर की मादी, गाबोळी आहे की नाही, ते पाहायचं. माशाच्या पोटातल्या अंड्यांच्या पिशवीला आम्ही गाबोळी म्हणतो. हे सगळं आधी किनाऱ्यावरच्या कच्च्या वहीत, मग केंद्रातल्या रजिस्टरात.

“हे कशासाठी, माहीत आहे?” साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. त्यांनी आलेखाचा चौकटीचा कागद काढला. आडवी लांबी, उभं वजन. माझ्या वहीतला एक बांगडा म्हणजे त्या कागदावर एक ठिपका. पन्नास ठिपके दिले तेव्हा कागदावर वाळूत खेकडे फिरल्यासारखं दिसलं. दोनशे दिले तेव्हा त्यातून एक वळण दिसायला लागलं, सुरुवातीला निजलेलं आणि पुढे उभं राहत गेलेलं.

“लांबी दुप्पट झाली तर वजन दुप्पट होत नाही,” साहेब म्हणाले. “आठपटीच्या आसपास जातं. मासा लांबीनं वाढतो तसा रुंदीनंही वाढतो, जाडीनंही.”

“ते बाजारातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणून तर एका मोठ्या बांगड्याला दोन लहान कोणी घेत नाही.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्यांना शोधायचं होतं एक सूत्र. त्यात लांबी घातली की वजन बाहेर पडावं. तसं सूत्र हाती आलं तर किनाऱ्यावर तराजू न्यायलाच नको, फळीवर लांब्या घेऊन अख्ख्या रापणीचं वजन काढता येईल. शिवाय एखाद्या वर्षीचे बांगडे सूत्रापेक्षा हलके निघाले, तर समुद्रात त्यांना खायला कमी आहे हे जाळं टाकण्याआधीच नाही, तरी निदान त्या हंगामात कळेल. लांबीचं आणि वजनाचं लॉगॅरिथम घेऊन तेच ठिपके मांडले की ते वाकडं वळण सरळ होतं. मग त्या ठिपक्यांच्या गर्दीतून एकच रेघ काढायची, अशी की सगळ्या ठिपक्यांची तिच्याशी मिळून कमीत कमी भांडणं व्हावीत. ही माझी भाषा. साहेबांची भाषा वर्गांच्या बेरजेची होती. पण अर्थ तोच.

पहिल्या हंगामात मी सहाशे बांगडे मोजले. त्यावरून साहेबांनी पहिलं सूत्र काढलं, टंकलिखित करून घेतलं आणि त्याची एक प्रत पाटणकरांना पाठवली.

पाटणकर हे आमचे दुसरे मोजणीदार, दुसऱ्या हंगामासाठी घेतलेले. मूळचे फोंडाघाटचे, पूर्वी शाळेत गणित शिकवलेले, पन्नाशीला आलेले, अक्षर मोत्यासारखं. देवगडकडच्या एका किनाऱ्यावर त्यांची नेमणूक होती आणि ते जामसंड्याला खोली घेऊन राहत. नेमणुकीआधी पंधरा दिवस ते मालवणात होते. दुपारी आमच्याकडे जेवायचे, काटे काढताना फार वेळ लावायचे, आणि जेवण झालं की मला लॉगॅरिथमची कोष्टकं वाचायला शिकवायचे. “घाबरायचं नाही. गुणाकाराची बेरीज होते, एवढंच आहे,” म्हणायचे. ते मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले. वानखडेसाहेबांनी दोन आलेख टेबलावर मांडले, एक माझा आणि एक पाटणकरांचा. मी फळी धूत दारात उभी होते.

पाटणकरांचे आठशे ठिपके रेघेवर अगदी मण्यांसारखे ओवलेले. माझे रेघेच्या दोन्ही अंगांना पसरलेले, आणि शिमग्यानंतरचे तर बरेचसे रेघेच्या वर तरंगत असलेले.

“ह्याला काम म्हणतात,” मोठे साहेब पाटणकरांच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले. “आणि हे काय आहे? ओले मासे तसेच तराजूत टाकलेत. का वाळूसकट वजन केलंय?”

“बाई काळजीनं काम करतात,” वानखडेसाहेब म्हणाले.

“आकडे तसं सांगत नाहीत. महिनाअखेर हिला मोकळं करा. पदवीधर मिळेल एखादा.”

ते माझ्यासमोर बोलले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी फळी भिंतीला टेकवली आणि वानखडेसाहेबांना विचारलं, “पाटणकरांचं रजिस्टर मी बघू?” त्यांनी मान हलवली. माझं काय चुकलं ते मला शोधायचं होतं. ते बांगडे कसे पुसतात, तराजू किती वेळ थांबवतात, काही कळेल म्हणून मी पानं उलटायला लागले.

अक्षर सुंदर. कुठे खाडाखोड नाही, कुठे खवला चिकटलेला नाही. माझ्या रजिस्टराला वास यायचा, ह्याला नव्हता. मग एका पानावर दिसलं: दोनशे पाच मिलिमीटर, एकशे तीन ग्रॅम. पुढच्या पानावर दोनशे पाच, एकशे तीन. मी कागद घेऊन सगळे दोनशे पाचचे बांगडे उतरवून काढले. सतरा निघाले. सतराच्या सतरा एकशे तीन ग्रॅमचे.

मी माझं रजिस्टर काढलं. माझ्याकडे दोनशे पाचचे नऊ होते. सगळ्यात हलका चौऱ्याण्णव ग्रॅमचा, सगळ्यात भारी एकशे अठरा.

एका आईचे दोन मुलगे एका वजनाचे नसतात, आणि इथे समुद्रातून सतरा बांगडे एका मापाचे आले होते. वानखडेसाहेबांच्या सूत्रात दोनशे पाच घातले की एकशे तीनच येतात, हे मला कोष्टक न उघडता माहीत होतं. आमचंच सूत्र आमच्याकडे मासे होऊन परत आलं होतं.

मी रजिस्टर मिटून जागेवर ठेवलं आणि घरी गेले. कोणाला काही बोलले नाही. ज्या माणसानं मला लॉगॅरिथम शिकवलं त्याचं नाव घ्यायला जीभ उचलेना. आणि गप्प बसले तर महिनाअखेर नोकरी जाणार, तीसुद्धा निष्काळजी म्हणून. नोकरी गेल्यापेक्षा ते ‘वाळूसकट’ मला जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. मी धावत केंद्रावर गेले आणि मोठ्या साहेबांसमोर उभी राहिले. “साहेब, आज पन्नास बांगडे तुम्ही स्वतः मोजा. मी हात लावणार नाही. नुसती लिहून घेते.”

ते बहुधा नाही म्हणणार होते. पण वानखडेसाहेब म्हणाले, “बघायला काय हरकत आहे?” आणि त्यांनी तराजू उचलला.

मोठ्या साहेबांनी पँट दुमडली आणि वाळूत बसून पन्नास बांगडे मोजले. प्रत्येक बांगडा आपल्या पांढऱ्या रुमालानं पुसून. रापणीतली माणसं काम सोडून गोल उभी. माझे वडीलही होते, पण ते पाठ करून दोर गुंडाळत राहिले. मला वाटतं, मी हरले तर ते त्यांना बघायचं नव्हतं.

केंद्रावर येऊन वानखडेसाहेबांनी ठिपके दिले. ते रेघेच्या दोन्ही अंगांना पसरले, माझ्यासारखेच. थोडे जास्तच, कारण रुमाल भिजल्यावर शेवटचे मासे नीट पुसले गेले नव्हते.

 मोठ्या साहेबांनी स्वतःहून पाटणकरांचा आलेख ओढला. “मग हे असं कसं?”

 वानखडेसाहेबांनी पाटणकरांचं रजिस्टर उघडलं, पेन्सिल घेऊन चार-पाच ओळींवर सूत्र लावून पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. ते अस्वस्थ झाले की त्यांची वऱ्हाडी बोली वर यायची. “काहून केलं असं त्यानं?” एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं?”

“काल संध्याकाळी कळलं.”

“सांगितलं का नाही?”

“मला माझ्या माशांबद्दल बोलायचं होतं,” मी म्हटलं.

मोठ्या साहेबांना एक गोष्ट अजून कळत नव्हती. माझे शिमग्यानंतरचे ठिपके वर का? मी रजिस्टराचा शेवटचा रकाना दाखवला, जो तोवर कोणी वाचला नव्हता. वर तरंगणाऱ्यांत बहुतेक माद्या होत्या, गाबोळीनं भरलेल्या. त्यांना वेगळं काढलं तर त्यांची स्वतःची एक रेघ होत होती, पहिलीच्या थोडी वर. एका सूत्रानं भागणार नव्हतं, दोन हवी होती. मोठ्या साहेबांनी ती दुसरी रेघ स्वतःच्या हातानं काढली. माफी मागितली नाही, पण जाताना वानखडेसाहेबांना म्हणाले, “हिची नेमणूक कायम करायचं बघा.” मी ते दारामागून ऐकलं. त्या दिवशी मी घरी वाळूतून चालत गेले की तरंगत, मला आठवत नाही.

पाटणकरांना ‘उद्यापासून येऊ नये’ असं पत्र गेलं.

ह्याबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. रजिस्टर पाहिल्यावर मी त्यांना आधी निरोप धाडू शकले असते का? स्वतःला सांगत आले की वेळ नव्हता. खरं म्हणजे मला त्या क्षणी माझी नोकरी वाचवायची होती, त्यांची नाही.

त्या रविवारी एस.टी.नं कणकवलीमार्गे जामसंड्याला गेले. पाटणकर खोलीत ट्रंक भरत होते. मला बघून त्यांनी खुर्ची पुसली.

“तू ओळखलंस ना? मला वाटलंच होतं, ओळखलं तर तूच ओळखशील.”

“असं का केलंत, मास्तर?”

“पहिला महिना रोज खरे मोजायला गेलो, पण रजिस्टरात चढवण्याइतके कधी मिळालेच नाहीत. किनाऱ्यावरची माणसं मला उभं करीनात. मी गेलो की जाळ्यावर माणसं आडवी उभी राहायची. एकदा तराजूच पाण्यात भिरकावला.” ते ट्रंकेचं झाकण उघडझाप करत होते. “साहेबांना काय लिहू? आयुष्यभर मुलांना वर्गात उभं केलं, आणि मला मासेवाले हाकलतात म्हणून?”

 मी जे मनात होतं तेच विचारलं. “एक बांगडा तयार करायला किती वेळ लागायचा?”

“चार मिनिटं. लॉग घ्या, गुणा, मिळवा, उलटं लॉग काढा.”

“मोजायला एकच मिनिट लागतं.”

ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मीही हसले, पण मला रडूच येत होतं.

परतीच्या गाडीला अवकाश होता. मी तशीच त्या किनाऱ्यावर गेले. रापणीचा म्होरक्या, रामा तांडेल, जाळं शिवत बसला होता.

“तू कोणाची गो?”

“मालवणच्या भिकू रापणकाराचा चेडू मी. बांगडे मोजतंय.”

“तो मास्तर खंय गेलो?”

“तुमी तेका उभो करी नाय होतास, म्हणान गेलो.”

तांडेलाची सुई थांबली. “तो इलो की पयलोच बांगडो उचलून फाडी. पयलो मासो देवाचो. तेका सुरी लायतत काय?”

“तुमी तेका सांगूक व्हया होता.”

“तेना इचारूक व्हया होता.”

दोघांचंही खरं होतं. पाटणकरांना ठाऊक नव्हतं, आणि आमच्या लोकांना, हे कोणाला ठाऊक नसेल असं वाटलंच नव्हतं. मी तांडेलाला म्हटलं, आधी तुमचे वाटे होऊ देत, पाट्या लिलावाला जाऊ देत, मग उरलेल्यातले पन्नास मला द्या. फाडलेले परत देईन, कालवणाला चालतील. त्यानं जाळ्याची गाठ पुरी केली. “ये तर,” म्हणाला.

तिसऱ्या हंगामात मी दोन्ही किनारे केले. चार दिवस इथे, दोन दिवस तिथे. जामसंड्यात पाटणकरांचीच रिकामी झालेली खोली घेतली. मालवणात कुजबुज झाली की भिकूचा चेडू एकटंच परगावी राहतं. आईनं ती एकाही शब्दानं माझ्यापर्यंत येऊ दिली नाही.

हंगाम संपला तेव्हा दीड हजार बांगड्यांचं गणित समोर होतं आणि करायला एकटे वानखडेसाहेब. तेव्हा मी पाटणकरांचं नाव काढलं. साहेब चिडले.

“खोटे आकडे लिहिणाऱ्या माणसाला आकड्यांवर बसवू?”

“साहेब, आठशे वेळा त्यांनी तुमचं सूत्र लावलं. एकदा तरी चुकलं का?”

साहेबांनी आठवडा घेतला. मग फोंडाघाटला पत्र गेलं, हिशेबनीस म्हणून, रोजंदारीवर. अट एकच: ज्या आकड्यासमोर माझी सही नाही, तो आकडा त्यांनी घ्यायचा नाही. पाटणकरांनी अट वाचली आणि दीड हजार ओळींवर माझ्या सह्या घेतल्या. मी कंटाळून ‘राहू दे, मास्तर’ म्हटलं तर म्हणाले, “नाही, पुढचं पान.” चार महिने त्यांनी हातानं गणित केलं. अंगठ्याला शाईचा डाग कायमचा बसला. निवृत्त होईपर्यंत ते आमच्याकडे राहिले, पण किनाऱ्यावर कधी आले नाहीत. केंद्रातले नवे लोक पाठीमागे त्यांना ‘सूत्रधार’ म्हणायचे. ते ऐकून मीही एक-दोनदा हसले आहे. ते हसणं आजही सलतं.

अहवाल छापून आला तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. इंग्रजीत, निळ्या पुठ्ठ्याचा, पातळसा. दोन सूत्रं, साध्या बांगड्याचं एक आणि गाबोळीवाल्या मादीचं एक. शेवटी बारीक अक्षरात आभार होते, त्यात ‘स्थानिक मदतनीस’ एवढंच. वानखडेसाहेबांनी नावं पाठवली होती, वरून काढली गेली. त्यांनी मला तसं सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, मला एक प्रत घरी न्यायची आहे. त्यांनी स्वतःची दिली.

रविवारी दुपारी वडिलांसमोर ती उघडली. ते दोन इयत्ता शिकलेले, तेही मराठी. इंग्रजी पानं त्यांनी न थांबता उलटली आणि आलेखावर येऊन थांबले.

“ह्या काय?”

“ह्या सगळे बांगडे, बाबा. आमी मोजलेले. एक ठिपको, एक बांगडो.”

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. रेघ त्यांना दिसली की नाही, कोण जाणे. त्यांनी रेघेपासून खूप वर, एकटाच पडलेला एक ठिपका शोधला आणि त्यावर बोट ठेवलं. बोट एवढं जाड की आजूबाजूचे दहा-वीस बांगडे झाकले गेले.

“हो खंयचो?”

मी ठिपक्याची लांबी आणि वजन कडेच्या आकड्यांवरून वाचलं, आत जाऊन किनाऱ्यावरच्या कच्च्या वह्या आणल्या आणि शोधायला बसले. तिसऱ्या वहीत सापडला. दोनशे अठरा मिलिमीटर, एकशे शेहेचाळीस ग्रॅम, मादी, गाबोळी भरलेली. शिमग्यानंतरचा सहावा दिवस, आपलाच किनारा. मी वाचून दाखवलं.

वडिलांनी बोट तिथून हलवलं नाही.

“त्या दिवसा रापण खडपात अडाकली होती,” ते म्हणाले. “मधला जाळां फाटला. चाळीस माणसा दोर धरून उभी, आणि अर्धी मासळी गेली. जी गावली ती सगळी अशीच, पोटात गाबोळी घेवन.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “त्या गडबडीत तू मोजी होतंस?”

“होय.”

“बरा.”

त्यांनी बोट उचललं आणि शेजारच्या ठिपक्यावर ठेवलं.

“आणि हो खंयचो?”

मी वहीचं पान उलटलं.